ओसरीवरचा फिरंगी घोडा

पुणे, शके १७१४, आश्विन वद्य तृतीया

चिरंजीव मच्छिंद्रास सोनबा सुताराचा आशीर्वाद. विशेष लिहायचं ते असं, की विशेष काही नाही.

तुझं पत्र पोचलं. ते तुझ्या आईच्या नावानं होतं. तिला अक्षर लागत नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा ते मीच वाचणार हेही ठाऊक असणार. म्हणून उत्तर मी देतो आहे, गैरसमज नसावा. आईनं ते दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्या खेपेला तिनं "मी सुखरूप आहे" ही एक ओळ ऐकली आणि पदर डोळ्याला लावून आत गेली. बाकीचं पान तू करवतीनं भरलं होतंस, ते ऐकायला मी आणि सरू उरलो. तुझ्या बायकोचं नाव सरू आहे. पत्रात कुठं दिसलं नाही म्हणून आठवण करून देतो.

निघताना मी तुला जे बोललो ते माझ्याही लक्षात आहे. देवघरं, पाळणे, चौरंग करणाऱ्या घरातल्या मुलानं आग्र्याला जाऊन शिंद्यांच्या तोफांचे गाडे ठोकावेत हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. आता त्या करवतीचं. तू लिहितोस की तुमच्या कारखान्यातला म्हातारा फिरंगी सुतार फावल्या वेळात लाकडी घोड्यावर टांग टाकून बसतो. समोर लाकडाचा जबडा उभा, तो पायाखालच्या फळीनं मिटतो आणि उघडतो. जबड्यात पापडासारख्या पातळ दोन फळ्या, एक काळी, एक पांढरी, सरसानं एकमेकींना चिकटवलेल्या, वर फुलाचा कागद. बाजूच्या दांडीवर करवत टांगलेली, ती फक्त पुढं जाते आणि मागं येते. दोन्ही फळ्या एकदम कापल्या जातात, आणि पांढरं फूल काळ्यात असं बसतं की सांधा शोधून सापडत नाही.

बाबा रे, मी जन्मभर हस्तिदंताचं जडावकाम केलं. आधी पटाशीनं खोदायचं, मग कानशीनं घासून दात त्यात बसवायचा, मग फट राहील तिथं लाख भरायची आणि कुणी जवळून पाहू नये म्हणून देवाला हात जोडायचे. सांधा दिसत नाही असं काम मी पाहिलेलं नाही. तू पाहिलंस म्हणतोस. उन्हात पाहिलं असशील.

इकडं सदाशिव पेठेत सर्जेरावांच्या मातोश्रींच्या देवघराची कवाडं माझ्याकडं आहेत. शिसवीत हस्तिदंताची जाईची वेल. रामनवमीला बसवायची. मी हो म्हणून बसलो आहे.

बसायची फळी जमिनीपासून किती उंच असते, ते कळव. तुझ्या आईला उत्सुकता आहे.

अक्षर वाकडं आलं असल्यास बोरू जुना झाला आहे.


पुणे, शके १७१४, मार्गशीर्ष शुद्ध दशमी

चिरंजीव मच्छिंद्रास आशीर्वाद. तुझं उत्तर अजून नाही. पत्रं नेणारा जासूद म्हणतो वाटेत आहे. त्याचं सगळंच वाटेत असतं.

तुझ्या उत्तराची वाट न पाहता घोडा करायला घेतला आहे. लोकांना सांगितलं, सुनेला कपडे वाळत घालायची घोडी करतो आहे. तांबट आळीतले दोघं डोकावून गेले आणि "एवढी मजबूत? काय हत्तीची झूल वाळत घालणार?" म्हणाले. पुण्यात माणूस घरात बसून काही करायला लागला की शेजाऱ्यांना आपलं काम सुचत नाही.

मागच्या ओसरीवर बाभळीचा पाट आणि पाय उभे केले. जबडा सागवानी केला, तो फार घसरडा निघाला, मग दोन्ही ओठांना आतून चामडं लावलं. पायाखालच्या फळीपासून जबड्यापर्यंत सुंभाची दोरी. पाय दाबला की मिटतो, सैल केला की उघडतो. एवढं झालं त्या दिवशी मी नुसताच बसून पाय दाबत होतो, सोडत होतो. तुझी आई म्हणाली, "अहो, पोरासारखं काय चाललंय?" खोटं कशाला बोलू, मजा वाटली.

पात्यानं मात्र घाम काढला. तू लिहिलंस केसाएवढं, ते मला थट्टा वाटली. इथला लोहार म्हणाला, केसाएवढं हवं तर न्हाव्याकडं जा. शेवटी तंबोऱ्याची पोलादी तार आणली, ऐरणीवर ठोकून चपटी केली, आणि लहान छिणीनं एकेक दाता पाडला. डोळे गेले माझे. पण झालं तेव्हा ते पातं मी नखावर धरलं, सूर्याकडं केलं, आणि दाते दिसले. मुंगीच्या सोंडेएवढे दाते, मच्छिंद्र. ज्या तारेतून कुणी गाणं काढत होतं ती लाकूड कापणार. ते पाहून माझ्या अंगावर काटा आला हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण तू समोर नाहीस.

घोड्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, बसलो. पहिलं पातं अर्ध्या पानावर तुटलं. दुसरं बसवलं, तुटलं. तिसरं वळणाशी येताच तुटलं. माझी करवत कधी रेघ सोडत नाही हे अख्ख्या पेठेला माहीत आहे, आणि हे घोडं मला एक पाकळी कापू देत नाही! बरोबर रेघेवरून वळवतो, तोच टण् करून आवाज होतो आणि हातात दोन तुकडे येतात.

तू काहीतरी चुकीचं लिहून पाठवलं आहेस. नीट आठवून लिही. घाई नाही. रामनवमीला अवकाश आहे.


पुणे, शके १७१४, पौष शुद्ध द्वादशी

चिरंजीव मच्छिंद्रास आशीर्वाद. तुझं पत्र काल आलं. या खेपेला ते माझ्या नावानं आहे.

"बाबा, ते कागदावर सांगता यायचं नाही. मी रजा काढली आहे. फाल्गुनात निघतो, मी येऊन शिकवीन. तोवर हात लावू नका." असं तू लिहिलंस. ते वाचून दाखवलं तर तुझ्या आईनं गणपतीपुढं साखर ठेवली. सरू चुलीपाशी होती, ती उठली नाही. पण भाकरी करपल्याचा वास आला. तिच्या हातची भाकरी करपलेली मी या घरात पाहिली नव्हती.

"मी शिकवीन" हे तू दोनदा लिहिलं आहेस. एकदा लिहिलं असतंस तरी चाललं असतं. तू काहीच शिकला नाहीस असं निघताना मी म्हणालो होतो, त्याचं हे उत्तर आहे हे मला कळतं. दे उत्तर. इथं येऊन दे.

संक्रांतीला सरूचा भाऊ भैरू मांजरीहून तिळगूळ घेऊन आला होता. तो गावचा सुतार, नांगर आणि गाड्याची चाकं करतो. हात कुऱ्हाडीसारखे. घोडा पाहून त्याला राहवेना. "पाव्हणं, ह्ये काय आक्रीत हाय? बसू का?" बस म्हणालो. त्यानंही पातं मोडलं. माझ्यापेक्षा जलद मोडलं, तेवढंच बरं वाटलं.

जेवताना तो मुद्द्यावर आला. "पाव्हणं, राग मानू नगा. दाजी तिकडं, म्हातारी मानसं हितं, आन् माजी भन कुनासाटी थांबलीया? दाजी आलं तर ठीक. न्हाईतर चैतात गाडी घिऊन येतो आन् तिला न्येतो." चुकीचं काही बोलला नाही तो. सरू वाढत होती. तिनं भावाच्या पानात आणखी आमटी वाढली.

आता तू येतोसच आहेस, तेव्हा लिहून टाकतो. बोरू जुना नाही, नवाच आहे. गणपतीपासून माझा उजवा हात थरथरतो. पटाशी धरली की टोक नाचतं. घरात कुणाला सांगितलेलं नाही, निदान मला तसं वाटत होतं, पण परवा तुझ्या आईनं न सांगता माझ्या ताकाचा पेला अर्धाच भरला. कवाडांवर अजून एक पान बसलेलं नाही. खोदलेलं सगळं फाटलं. तुझ्या पत्रात ती करवत दांडीला टांगलेली असते हे वाचलं तेव्हाच माझ्या मनात आलं होतं, की टांगलेल्या करवतीला हाताच्या थरथरीचं काय?

लवकर ये.


पुणे, शके १७१४, माघ शुद्ध षष्ठी

चिरंजीव मच्छिंद्रास आशीर्वाद. सर्व क्षेम. तू सांगितल्याप्रमाणे घोड्याला हात लावलेला नाही. वर जुनं धोतर टाकून झाकून ठेवला आहे. तुझी आई तुझी वाट पाहते. ती सांगते तसंच लिहिलं आहे. प्रकृतीला जपावं.


पुणे, शके १७१४, माघ वद्य प्रतिपदा

मच्छिंद्र,

मागचं पत्र खोटं आहे. धोतर टाकलं होतं हे खरं, पण ते आम्ही पाहुणे आले की टाकतो. जासूद म्हणतो, तू निघायच्या आत हे पत्र तुला गाठेल. ते गाठावं म्हणून त्याला जास्त विनवलं आहे. तुझी आई माझ्याशी बोलत नाही. तिचं म्हणणं, "आधी त्याला येऊ द्या, मग काय ते सांगा. शिकवायला म्हणून येतोय पोर, ते कारण का काढून घेता?" बाई बरोबर बोलते आहे. पण मी जे पाहिलं ते पोटात ठेवून मला झोप लागत नाही, आणि लाकूड म्हणजे काय हे ज्याला मी शिकवलं त्याला न सांगता कुणाला सांगू?

वसंतपंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलो होतो. घोड्याशी भांडून झालं होतं, आणखी एक पातं गेलं होतं. सरू विळीवर बसली होती. भरली वांगी करायची होती. तू हजार वेळा पाहिलं असशील, मीही पाहिलं आहे, म्हणजे कधीच पाहिलेलं नाही. तिनं विळीची फळी पायाखाली दाबली. वांगं पात्यावर टेकवलं, आत नेलं, देठाशी आणून थांबवलं, हातात फिरवलं, पुन्हा नेलं. चार फाका झाल्या आणि वांगं देठाला धरून आख्खं. पातं जागचं हललं नाही. हलत होतं ते वांगं.

मी उभा राहिलो ते माझं मलाच कळलं नाही. अरे, आम्ही सुतार! लाकूड पायानं दाबून ठेवायचं आणि हत्यार वळवायचं हे आमच्या रक्तात. रेघ वळली की हात करवत वळवतो, विचारत नाही. त्या घोड्यावरची करवत वळत नाही, ती सरळच जाणार, म्हणून ते बारीक पातं पिळवटतं आणि तुटतं. वळवायचं आहे ते लाकूड. मी मोडलं, भैरूनं मोडलं, पुण्यातला कुठलाही सुतार बसला तरी तो मोडणार, आणि जितका चांगला तितका लवकर मोडणार.

ओसरीवर जाऊन मी बसलो. कळलेलं होतं, तरी पातं मोडलं. उजवा हात, ज्याची मला भीती होती, तो दांडीच्या आधारानं सरळ जात होता. पण लाकूड वळवायचं डाव्या हातानं, आणि डावा हात मला ऐकेना. आयुष्यभर त्यानं फक्त धरून ठेवलं आहे.

मागं सरू उभी होती. हातात ओलं वांगंच होतं. म्हणाली, "मामंजी, हे तर वांगं चिरण्यासारखंच आहे."

मी म्हणालो, "बस मग."

आपल्यात हत्याराला बाईचा पाय लागू देत नाहीत. तुझी आई आतून धावत आली. "अहो, बाईमाणसानं घोड्यावर टांग टाकायची? लोक काय म्हणतील?" सरूनं हात पदराला पुसले, घोड्याला नमस्कार केला, आणि नऊवारीचा काष्टा सावरून बसली. विळीवर बसते तशी. पाय फळीवर, पाठ ताठ, डोळे पात्यावर. मी एक पान चिकटवून दिलं, जाईचं, टोकदार.

तिनं करवत पुढं ढकलली, मागं घेतली. आवाज अगदी बारीक होता, रवा चाळल्यासारखा. पिठासारखा भुसा पडू लागला, काळा आणि पांढरा मिसळून. टोक जवळ आलं. तिथंच सगळी पाती गेली होती. तिनं करवत चालूच ठेवली, पाय किंचित सैल केला, डाव्या हातानं फळ्या फिरवल्या, पाय दाबला. पातं टोकाशी वळलं नाही, टोकच पात्याशी वळून आलं. मग दुसरी कड. मग पान सुटून तिच्या मांडीवर पडलं.

मी कोमट पाण्यानं सरस सोडवला. पांढरं पान काळ्या फळीत ठेवलं. बोटानं दाबलं, आणि ते बसलं. मी फळी उन्हाकडं धरली. उजेड आला नाही. नख फिरवलं. नख कुठंच अडलं नाही. पुन्हा फिरवलं, डोळे मिटून फिरवलं. मला सांधा सापडला नाही, मच्छिंद्र. तू पत्रात लिहिलं होतंस आणि मी हसलो होतो. जणू शिसवीचं झाडच पोटात हस्तिदंताचं पान घेऊन वाढलं असावं. मी त्या फळीला डोकं टेकवलं आणि रडलो. तुझी आई समोर होती तरी रडलो.

इतकी वर्षं मी लाख भरत होतो. मला वाटत होतं, लाकूड एवढंच देतं.

तेव्हापासून ती रोज बसते. स्वयंपाक झाला की बसते. मी नक्षी काढतो, पातं ठोकतो, सरस लावतो, आणि बघत बसतो. पहिल्या दिवशी तीन पाती मोडली, आता एक पातं दिवसभर टिकतं. आपणहून एक गोष्ट तिनं शोधली, पात्याला मेण लावलं तर ते तापत नाही. तो फिरंगी लावतो का मेण? विचार त्याला. डावं कवाड पुरं झालं आहे. उजव्याची अर्धी वेल झाली. रामनवमीला बसतील.

सर्जेरावांच्या मातोश्री पालखीतून येऊन पाहून गेल्या. त्या फार बोलत नाहीत. वेलीवरून हात फिरवला, थांबल्या, पुन्हा फिरवला. "सोनबा, हे कुणी केलं?" तुझी आई माझ्याकडं बघत होती. देवघराचं काम, बाईच्या हातचं. मी म्हणालो, "माझ्या सुनेनं." त्यांनी सरूला पुढं बोलावलं, तिचे हात उलटेपालटे करून पाहिले. "नैवेद्य आमच्या घरात कोण करतं रे?" एवढं म्हणाल्या आणि पालखीत बसल्या.

भैरूही येऊन गेला. चैत्राची वाट न पाहता गाडी घेऊनच आला होता, बहिणीला न्यायला. ती घोड्यावर होती. तो ओसरीच्या पायरीशी उभा राहिला आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सरू, ह्ये तुला कुनी शिकिवलं?" ती म्हणाली, "आईनं. वांगी चिरायला." त्यानं बैल सोडले, जेवला, आणि एकटाच परत गेला. जाताना मला म्हणाला, "पाव्हणं, म्या न्यायला आलो व्हतो. आता तिला इचारल्याबिगर कुनी न्यायचं न्हाई. दाजींनीबी."

तर असं आहे. शिकवण्यासाठी तू यायला हवास असं आता राहिलेलं नाही. तू आलास की मी म्हणणार होतो, बघ, तुझ्यावाचून अडलं होतं. ते म्हणता येणार नाही. तुझं इथं अडलेलं नाही, तरी मला तू इथं हवा आहेस. हे आधी कधी म्हणालो नाही, कारण अडल्याशिवाय कुणाला बोलवायची मला सवय नाही. आता हे वाचून यायचं की नाही ते तू ठरव.

पत्र संपवण्याआधी सरूला विचारलं, तुझं काही लिहू का? ती पात्याला मेण लावत होती. मला वाटलं, तू गेल्यापासूनचं, तीन वर्षांचं काहीतरी निघेल, आणि मी ते सगळं लिहायची तयारी केली होती.

म्हणाली, "येणार असतील तर तिकडची पाती आणा म्हणावं. बरीच आणा."

मी लिहून घेतलं. मग ती म्हणाली, "आणि घोड्यावर मी बसते, हेही लिहा. आधी कळलेलं बरं."

लिहिलं.